महामारीत फायर ब्रिगेड: फवारणी, ऑक्सिजन, हॉस्पिटलच्या आगी आणि आपले मोहल्ले

अग्निशमन दल, म्हणजे आपल्या बोलण्यातली फायर ब्रिगेड, हे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी महानगरपालिकेचं किंवा नगरपरिषदेचं खातं आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांची जी यादी दिली आहे तिच्यात अग्निशमन सेवेचा स्वतंत्र उल्लेख आहे. एमआयडीसीची स्वतःची दलं आहेत, राज्य पातळीवर एक संचालनालय आहे. पण १०१ वर फोन लावल्यावर जी लाल गाडी येते ती शहराची असते, तिचा खर्च आपल्या घरपट्टीतून निघतो आणि तिच्यावरचे जवान याच शहरात राहतात.

कोरोनाच्या दोन वर्षांत डॉक्टर, नर्स, पोलीस, सफाई कामगार यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात चुकीचं काही नाही. फायर ब्रिगेडबद्दल मात्र फार कमी लिहिलं गेलं, आणि त्या काळातल्या काही मोठ्या दुर्घटना मुंब्रा, भिवंडी, महाड अशा आपल्याच वस्तीत घडल्या. तेव्हा काय झालं, ते का झालं आणि त्यातून आज मोहल्ल्यातल्या हॉस्पिटलला, मशिदीच्या ट्रस्टला आणि घरातल्या माणसांना काय करता येईल, हे एका ठिकाणी नोंदवून ठेवावं म्हणून हा लेख आम्ही तयार केला आहे.

याआधीची महामारी: १८९६ ची मुंबई

साथ आली की पाण्याचे पंप रस्त्यावर येतात, ही गोष्ट नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग सुरू झाला. डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी तो ओळखला. त्या वेळी असा समज होता की हा रोग घाणीतून, गटारातून, ओल्या भिंतीतून पसरतो. मग पालिकेने पंपांच्या इंजिनांनी गटारं धुवायला आणि घरांच्या भिंतींवर जंतुनाशक पाण्याचा मारा करायला सुरुवात केली. कॅप्टन मॉस नावाच्या छायाचित्रकाराने काढलेले त्या कामाचे फोटो आजही पाहायला मिळतात: अरुंद गल्ली, मधोमध इंजिन आणि भिंतीवर चढलेली पाण्याची धार.

प्लेग मात्र उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत काम करताना दाखवून दिलं. म्हणजे सुरुवातीची कितीतरी मेहनत चुकीच्या जागी खर्च झाली होती.

दुसरी गोष्ट भरवशाची. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि अधिकाऱ्यांना घरात घुसून तपासणी करण्याचा अधिकार मिळाला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा कुटुंबातल्या लहान मुलीची तपासणी करायला पथक आलं, तेव्हा विणकर मोहल्ला खवळला आणि मुंबईत दंगल झाली. घरातल्या पर्द्याचा आणि इज्जतीचा विचार न करता आलेली मदत लोकांना मदत वाटलीच नाही. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने कोरोनासाठी जो कायदा लागू केला, तो हाच १८९७ चा.

२०२०: फवारणीचे दिवस

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. १ एप्रिलला धारावीत, ८ एप्रिलला मालेगावात पहिले रुग्ण आढळले. त्या दिवसांत ज्या शहरात पाहावं तिथे फायर ब्रिगेडच्या गाड्या रस्त्यांवर, बाजारात, चाळींच्या चौकात सोडियम हायपोक्लोराइट फवारताना दिसत होत्या. कारण सरळ होतं. हजारो लिटर पाण्याची टाकी, पंप, लांब होजपाइप आणि तो हाताळणारी शिकलेली माणसं, हे सगळं एकत्र शहरात याच एका खात्याकडे असतं.

त्या वेळचं वातावरणही लक्षात ठेवायला हवं. दिल्लीच्या मरकजच्या बातम्यांनंतर अनेक ठिकाणी मुसलमान भाजीवाल्याला गल्लीत येऊ दिलं जात नव्हतं. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्यासारखं दिसतं, असं निरीक्षण नोंदवलं. पण ते ऑगस्टमध्ये. एप्रिलमध्ये सील केलेल्या मोहल्ल्यात सरकारी गणवेश दिसला की लोक आधी बिचकत होते. तेव्हा जी खाती हातात काठी न घेता आत आली, त्यांच्यात फायर ब्रिगेड होती, हे नोंदवायला हवं.

आता फवारणीचा उपयोग किती झाला? इथे प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. हायपोक्लोराइट म्हणजे पातळ ब्लीच. एक टक्का तीव्रतेचं द्रावण स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे दाराची कडी, जिन्याचा कठडा, सार्वजनिक संडास यांवर काम करतं. धूळ-माती-कचऱ्यावर फवारलं की त्यातला क्लोरीन त्या घाणीशीच झुंजत संपून जातो. उन्हातही ते टिकत नाही. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रस्त्यांवर आणि उघड्या बाजारात फवारणी करण्याची शिफारस आम्ही करत नाही, असं स्पष्ट केलं. त्याच्या आधी, १८ एप्रिलला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोणत्याही परिस्थितीत माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, असं सांगितलं होतं.

असं सांगण्याची वेळ का आली? मार्च २०२० च्या शेवटी उत्तर प्रदेशातल्या बरेलीत घरी परतलेल्या मजुरांना, त्यांच्या बायका-मुलांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा मारा केला गेला. बस निर्जंतुक करायला सांगितलं होतं, कर्मचाऱ्यांनी उत्साहाच्या भरात माणसांवर मारा केला, असा खुलासा तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी केला. होज हातात असलेल्या माणसाला काय करायचं आणि काय नाही, हे कुणीतरी आधी सांगावं लागतं. १८९६ आणि २०२० या दोन्ही वेळी पंप आधी सुरू झाला आणि शास्त्र मागून आलं.

तरी आम्ही फवारणीला निव्वळ देखावा म्हणणार नाही. सार्वजनिक नळ, संडास, हॉस्पिटलच्या पायऱ्या, ॲम्ब्युलन्स हे धुतलं गेलं ते उपयोगाचंच होतं. आणि गाडी आपल्या गल्लीतही आली, आपल्याला वगळलं नाही, या गोष्टीचाही त्या दिवसांत आधार होता.

घरात अजूनही हायपोक्लोराइटच्या बाटल्या पडून असतात, म्हणून दोन गोष्टी. संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नको. आणि मशिदीच्या कालीनवर, मुसल्ल्यांवर ते टाकू नका, रंग उडतो. लोखंडी नळांना आणि कड्यांनाही ते गंज चढवतं. वजूखान्याच्या फरशीसाठी ते ठीक आहे, नंतर साध्या पाण्याने धुऊन टाकावं. सॅनिटायझर तर अल्कोहोल आहे, ते पेट घेतं आणि त्याची निळसर ज्वाला दिवसाउजेडी पटकन दिसतही नाही. हाताला लावून ते पुरतं सुकल्याशिवाय गॅसच्या शेगडीजवळ जायचं नाही, हे मुलींना, सुनांना आणि स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांनाही सांगावं.

पडलेल्या इमारती

महामारी आली म्हणून बाकीची संकटं थांबत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमान कुटुंबांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. २४ ऑगस्टला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ जण गेले. ढिगाऱ्याखालून चार वर्षांच्या एका मुलाला अठराहून अधिक तासांनी जिवंत बाहेर काढलं, तेव्हा आजूबाजूला उभ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो प्रसंग महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला. मग २१ सप्टेंबरच्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमध्ये जिलानी इमारत पडली. लोक झोपेत होते. ३८ हून अधिक माणसं मरहूम झाली.

या ठिकाणी एनडीआरएफ आलं, भिवंडीत ठाण्याचं टीडीआरएफ आलं. तरी अशा प्रसंगी सगळ्यात आधी पोचते ती गावातली फायरची गाडी. सहा फुटांचं अंतर ठेवा, असं सगळ्या देशाला सांगितलं जात असताना हे जवान ढिगाऱ्यात पोटावर सरपटत जाऊन अनोळखी माणसाला मिठीत धरून बाहेर काढत होते. त्याला कोरोना आहे की नाही हे विचारायला वेळ नसतो.

याची किंमतही त्यांनी मोजली. मुंबईच्या फायर ब्रिगेडमधले पुष्कळ जवान बाधित झाले आणि काही दगावले. त्यांचं राहणंच असं आहे की साथ पसरायला वेळ लागत नाही: एका पाळीचे सगळे एकाच गाडीत बसतात, एकाच खोलीत थांबतात, आणि मुंबईत कित्येक फायर स्टेशनांच्या आवारातच त्यांच्या कुटुंबांची क्वार्टर्स आहेत. ड्युटी संपली तरी जवान त्याच आवारात असतो.

ऑक्सिजन आणि आग

आता मुख्य मुद्दा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत फायर ब्रिगेडचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं ते हॉस्पिटलच्या आगींमुळे.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जळणाऱ्या वस्तूला जळायला मदत करतो. खोलीतलं त्याचं प्रमाण थोडं वाढलं तरी चादर, गादी, केस, प्लास्टिकची नळी, जे एरवी धुमसलं असतं, ते भडकून पेटतं. कोविड वॉर्डात हाय-फ्लो मशिनवर एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन देतात. त्यातला बराचसा मास्कच्या बाजूने खोलीतच येतो. असे दहा-पंधरा रुग्ण, खिडक्या बंद, एसी आणि व्हेंटिलेटर दिवस-रात्र चालू, आणि सामान्य वॉर्डासाठी टाकलेल्या वायरिंगवर आयसीयूचा लोड. ठिणगी पडायला फार काही लागत नाही.

गुजरातमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये अहमदाबादला आणि नोव्हेंबरमध्ये राजकोटला कोविड हॉस्पिटलं पेटली. मग सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० ला आदेश दिला: प्रत्येक कोविड हॉस्पिटलसाठी आगसुरक्षेची जबाबदारी असलेला एक नोडल अधिकारी नेमा, आणि प्रत्येक जिल्ह्यात समिती करून महिन्यातून किमान एकदा फायर ऑडिट करा.

त्यानंतरचा महाराष्ट्राचा हिशेब वाचा. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय, नवजात बालकांचा कक्ष: १७ पैकी १० बाळं गेली, ७ वाचवली गेली. २५ मार्चच्या रात्री भांडुपच्या ड्रीम्स मॉलमधलं हॉस्पिटल: ११ मृत्यू. ९ एप्रिलला नागपूरजवळ वाडीत खासगी हॉस्पिटल. २३ एप्रिल, जुम्म्याचा दिवस, पहाटे तीनच्या सुमारास विरारचं आयसीयू: १३ रुग्ण त्याच दिवशी गेले. आणि ६ नोव्हेंबरला, लाट ओसरल्यावर, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयाचं आयसीयू: ११.

या यादीत मुंब्रा आम्ही मुद्दाम वेगळं ठेवलं आहे. २८ एप्रिल २०२१, म्हणजे १५ रमजान. पहाटे पावणेचारच्या सुमारास मुंब्रा-कौसा भागातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आग लागली. ते कोविड हॉस्पिटल नव्हतं. वेळ सेहरीची, त्यामुळे मोहल्ला जागा होता. फायर ब्रिगेडने आग विझवली, २० च्या आसपास रुग्ण बाहेर काढून दुसरीकडे हलवले. त्यांत आयसीयूतले सहा होते. चार रुग्ण वाचू शकले नाहीत. काही आगीत आणि धुरात गेले, काही हलवताना गेले, असं म्हणणं सोपं आहे. पण व्हेंटिलेटरवरचा माणूस अंधारात, धुरात, जिन्यावरून उतरवणं म्हणजे काय, याची कल्पना घरात असा रुग्ण असलेल्यालाच येईल.

जवानांच्या बाजूने एक अडचण फारशी कुणाच्या लक्षात आली नसेल. कोविड वॉर्डात शिरायचं तर पीपीई किट हवं. ते किट पातळ प्लास्टिकसारख्या कापडाचं असतं, आगीजवळ वितळून अंगाला चिकटू शकतं. म्हणून आगीत शिरताना फायरचा जाड कोट आणि पाठीवरचा श्वसनसंच हेच घालावं लागतं. त्या संचातली हवा अर्धा-पाऊण तास पुरते. आत सगळे रुग्ण बाधित आहेत हे माहीत असतानाही माणूस आधी आगीपासून स्वतःला वाचवतो, विषाणूचं नंतर बघतो.

नाशिक: आग नसतानाही

२१ एप्रिल २०२१ ला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात आग लागलीच नव्हती. आवारातल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली. हा ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सियसला उकळतो, आणि एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो. त्यामुळे थोडी गळतीही आवारभर पांढरं धुकं करून टाकते. त्या धुक्यात काही दिसत नाही, व्हॉल्व्हला हात लावला तर बर्फाने जळतो, आणि त्यात ठिणगी पडली तर कपडेच पेटतील. फायर ब्रिगेडच्या जवानांनी पाण्याचा मारा करत काम केलं, गळती बंद झाली. पण तोवर वॉर्डातला दाब पडला होता. त्या दिवशी २२ रुग्ण गुदमरून गेले, आकडा नंतर आणखी वाढला. नातेवाईक हातात सिलिंडर घेऊन जिने चढत होते.

आम्हाला वाटतं की नाशिकची घटना इतर सगळ्यांपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखी आहे. आग विझवायला शिकवलेलं खातं त्या दिवशी गॅस तंत्रज्ञांच्या मदतीला धावलं. मोठी टाकी बसवताना ती कुठे बंद करायची, पर्यायी सिलिंडरची लाइन किती मिनिटांत जोडता येते आणि ते काम कोणाचं, याची तालीम हॉस्पिटलने आणि फायर स्टेशनने एकत्र केलेली असेल तर अशा वेळी मिनिटं वाचतात. रुग्णाला मिनिटंच हवी असतात.

मशिदीत ठेवलेले सिलिंडर

या काळात आपल्या समाजाने केलेलं कामही मोठं आहे. पुण्याच्या आझम कॅम्पसने मशिदीच्या इमारतीतली जागा विलगीकरणासाठी देऊ केली. भिवंडीच्या शांतीनगरमधल्या मक्का मशिदीत ऑक्सिजन सेंटर चाललं, मजहब न विचारता. कितीतरी शहरांत तरुणांनी सिलिंडर बँका चालवल्या. बंद पडलेल्या मदरशाच्या खोलीत, जमातखान्यात, कुणाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर सिलिंडर रचून ठेवलेले होते.

अल्लाहच्या कृपेने मोठी दुर्घटना न झालेल्या ठिकाणीही धोका होता, हे आज शांतपणे मान्य करायला हरकत नाही. ऑक्सिजनच्या सिलिंडरचं अंग काळं आणि वरचा भाग पांढरा असतो. जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर वायू प्रचंड दाबाने भरलेला असतो. तो आडवा पडून व्हॉल्व्ह तुटला तर लोखंडाचा तो नळकांडा भिंत फोडून जाऊ शकतो. पुन्हा अशी वेळ आली, आणि येणार नाही असं कोण सांगेल, तर सिलिंडर उभे ठेवून साखळीने बांधावेत, खोलीला दोन बाजूंनी हवा असावी, भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवावेत. व्हॉल्व्हला तेल, ग्रीस, अत्तर लागलेला हात लावू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की आपोआप पेट घेऊ शकतात. त्या खोलीत लोबान, अगरबत्ती, विडी, मोबाइलचं चार्जिंग काहीही नको. आणि सगळ्यात आधी जवळच्या फायर स्टेशनला जाऊन सांगावं की अमुक पत्त्यावर इतके सिलिंडर आहेत. सांगितलं तर बंद करायला लावतील, ही भीती आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. न सांगता ठेवले आणि शेजारी आग लागली, तर आत काय आहे हे माहीत नसलेला जवान त्या खोलीचं दार उघडतो.

घरी रुग्णाला ऑक्सिजन लावला असेल तेव्हाही हेच. दम्याचे, फुप्फुसाच्या आजाराचे रुग्ण आजही घरी कॉन्सन्ट्रेटर वापरतात. त्या खोलीत शेगडी नको, मच्छर अगरबत्ती नको, आणि अब्बांना नळी काढून पाच मिनिटं सिगारेट ओढू देणं तर मुळीच नको. कपड्यांत आणि दाढीत ऑक्सिजन काही वेळ रेंगाळतो.

परदेशात काय केलं

ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० ला फायर सेवांचे प्रमुख, जवानांची युनियन आणि त्यांचे मालक-प्रतिनिधी यांच्यात एक करार झाला. त्यानुसार जवानांनी ॲम्ब्युलन्स चालवल्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवण आणि औषधं पोचवली, आणि गरज पडल्यास मृतदेह हलवायचीही जबाबदारी घेतली. पुढे लसीकरणातही ते मदतीला होते. त्यांच्याकडे आधी कागदावर ठरलं की जवान काय करेल, त्याला कोणतं प्रशिक्षण आणि कोणतं साहित्य मिळेल. आपल्याकडे बहुतेक गोष्टी तोंडी आदेशावर चालल्या.

दफनविधीचा प्रश्न तिथेही आला. नव्या कायद्यातून मृताच्या धर्माविरुद्ध दहन होऊ शकेल अशी भीती मुस्लिम आणि ज्यू समाजाने मांडली, आणि मार्चमध्येच कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबईत ३० मार्च २०२० ला सगळ्या कोविड मृतदेहांचं दहन करावं असं परिपत्रक निघालं आणि त्याच दिवशी मागे घ्यावं लागलं. २२ मे रोजी उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या कब्रस्तानात दफनाला परवानगी कायम ठेवली. आपल्याकडे जनाजा आणि दफनाचं काम फायर ब्रिगेडकडे आलं नाही. ते कब्रस्तानच्या ट्रस्टींनी आणि मोहल्ल्यातल्या स्वयंसेवकांनी किट घालून उचललं. त्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

आता ट्रस्टींनी आणि घरच्यांनी काय पाहावं

राज्यात महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू आहे. या कायद्याचा गाभा असा की आगसुरक्षेची यंत्रणा बसवणं आणि ती चालू स्थितीत ठेवणं ही इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. फायर ब्रिगेड तपासते, नोटीस देते. पंप चालू ठेवणं तिचं काम नाही. कायद्याखाली येणाऱ्या इमारतींनी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. त्याला सगळे फॉर्म बी म्हणतात. हॉस्पिटल, नर्सिंग होम, शाळा, मोठी वसतिगृहं चालवणाऱ्या आपल्या ट्रस्टांनी हा कागद फाइलमध्ये आहे का, शेवटचा कधीचा आहे, हे पुढच्या मीटिंगमध्ये विचारावं. एजन्सीचा माणूस न येता नुसता शिक्का मारून मिळालेला फॉर्म बी असेल, तर तो नसल्यापेक्षा वाईट, कारण मग सगळे निर्धास्त राहतात.

रुग्णाला ॲडमिट करताना नातेवाईक बेड आहे का आणि डिपॉझिट किती एवढंच विचारतात. स्वाभाविक आहे. पण रात्री सोबत थांबणाऱ्याने पहिल्याच दिवशी मजल्यावर एक फेरी मारावी. दुसरा जिना कुठे आहे आणि त्याच्या दाराला कुलूप आहे का? पॅसेजमध्ये जुन्या गाद्या, रिकामे सिलिंडर ठेवलेत का? लाल सिलिंडरच्या घड्याळाचा काटा हिरव्या भागात आहे का? कुलूप दिसलं तर इन्चार्ज सिस्टरला नम्रपणे सांगावं, दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर लेखी द्यावं. धूर झाला तर खाली वाकून चालायचं, कारण धूर वर चढतो. चालता न येणाऱ्या रुग्णाला त्याच्याच चादरीवर घेऊन जमिनीवरून ओढत नेता येतं, दोन माणसं पुरतात. ऑक्सिजनची लाइन बंद करायचा निर्णय मात्र हॉस्पिटलच्या माणसाचा. आपण हात लावायचा नाही, दुसऱ्या वॉर्डातला कुणी त्याच लाइनवर असतो.

१०१ वर फोन करताना पत्ता सांगून फोन ठेवू नये. जवळची मशीद किंवा चौक, गल्लीत गाडी कुठून शिरेल, कितव्या मजल्यावर काय जळतंय, आत हॉस्पिटल किंवा सिलिंडर आहेत का, एवढं सांगावं आणि एकाने नाक्यावर जाऊन उभं राहावं. १०१ लागला नाही तर ११२ लावावा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ वेगळा करावा लागतो, कारण आपल्याकडे फायर ब्रिगेड आणि ती ॲम्ब्युलन्स सेवा एका खात्यात नाहीत.

गल्लीचा प्रश्न उरतो, आणि तो आपलाच आहे. उंच इमारतीभोवती गाडी फिरायला किमान सहा मीटर मोकळी जागा हवी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आपल्या जुन्या मोहल्ल्यांत तेवढा रस्ताच नाही, तो आज रुंद होणार नाही. पण आहे तेवढ्या रस्त्यात दोन्ही बाजूंना बाइक, त्यापुढे रमजानचे स्टॉल, त्यावर ताडपत्री आणि खाली उकळत्या तेलाची कढई, हे आपण करतो. काही ठिकाणी मशिदीच्या कमिटीने इफ्तारच्या वेळी दोन मुलं नुसती रस्ता मोकळा ठेवायला उभी केली आहेत, स्टॉलमध्ये मधे-मधे अंतर सोडलं आहे. हे करायला कुणाची परवानगी लागत नाही.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या बोटीवरच्या कापसाला आग लागली, त्याच बोटीत दारूगोळा होता, आणि स्फोटात आग विझवायला गेलेले ६६ जवान ठार झाले. त्या आठवड्यात फायर स्टेशनं शाळांना आणि संस्थांना प्रात्यक्षिकं दाखवतात. मदरसे आणि उर्दू शाळांनी मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याच्या नावे साधं पत्र दिलं तर जवान शाळेत येऊन मुलांना आग विझवण्याचं सिलिंडर कसं चालवायचं ते हातात देऊन शिकवतात. हे पत्र मार्चमध्येच द्यावं, एप्रिलपर्यंत थांबलं तर तारखा भरलेल्या असतात.